टर्बो गेला, की घालवला?



आपल्या वस्तीत ड्रायव्हर पुष्कळ. कोणी मालकाच्या गाडीवर, तर कोणी कर्ज काढून घेतलेल्या स्वतःच्या गाडीवर. गाडी चालली तर घर चालते. इंजिनातले काही कळत नसले तरी ड्रायव्हरच्या घरातल्या बायामाणसांना गॅरेजचे काही शब्द पाठ असतात. क्लच गेला, पंप गेला, गिअर गेला. कारण त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे पोरांची फी नाहीतर महिन्याचा किराणा. या यादीत आता आणखी एक शब्द येऊन बसला आहे, ‘टर्बो गेला’. तो फार महाग शब्द आहे.

आमच्या घरात हा शब्द एका शनिवारी रात्री आला. माझा धाकटा भाऊ सहा चाकी ट्रक चालवतो. गाडी त्याच्या नावावर आहे, पण खरी मालकी अजून फायनान्सवाल्यांची. नाशिकहून वाशीच्या मार्केटला कांदा न्यायचा आणि येताना मिळेल तो माल भरून आणायचा, हा त्याचा धंदा. त्या रात्री तो धड जेवला नाही. खिशातून एक कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. एका गॅरेजचे एस्टिमेट होते. नवा टर्बो, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी मिळून ३१,५०० रुपये. दहा तारखेला गाडीचा हप्ता होता.

‘‘दादा, तुझ्या ऑफिसच्या सोसायटीतून काही उचलता येईल का?’’ एवढेच तो बोलला.

मी कचेरीत कारकून. टर्बो कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हते, पण बिल वाचता येते. त्या कागदावर काय बदलायचे ते लिहिले होते, किती पैसे लागतील ते लिहिले होते. का बदलायचे, हे मात्र कुठेच नव्हते. कारण न लिहिलेले व्हाउचर कचेरीत आले, तर साहेब ते परत पाठवतात. मी भावाला म्हटले, ‘‘सोसायटीचे सोमवारी बघू. आधी काकांना विचारू.’’

काका म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त मेकॅनिक. सारी नोकरी डिझेल इंजिनांखाली उताणे झोपून काढलेली. आता दिसते कमी, पण इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगतात. पुढची सगळी हकीकत त्यांची शिकवण आणि माझी वही या दोन गोष्टींवर उभी आहे. ड्रायव्हरच्या घरात ती उपयोगी पडेल, म्हणून आजचे सदर तिच्यासाठी.

टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी

चुलीत लाकडे कितीही कोंबा, हवा मिळाली नाही तर नुसता धूर होतो. फुंकणीने फुंकले की जाळ धरतो. इंजिनाचेही तसेच आहे. डिझेल जास्त गेले आणि हवा कमी पडली, तर काळा धूर निघतो आणि ताकद मिळत नाही. टर्बो ही इंजिनाची फुंकणी.

ही फुंकणी चालते मात्र फुकटात. जळालेल्या डिझेलमधली साधारण एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर सायलेन्सरवाटे वाया जाते. त्या धुराच्या वाटेत एक छोटे पात्यांचे चक्र बसवलेले असते. धुराच्या झोताने ते फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनिअमचे दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा ओढते, दाबते आणि इंजिनात भरते. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत तिला गार करायला इंटरकूलर असतो. ही कल्पना अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले.

आता यातली नाजूक गोष्ट ऐका. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे फिरतो. त्याच्या एका बाजूला सहा-सातशे अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. बहुतेक ट्रकच्या टर्बोत या दांड्याला छऱ्यांचे बेअरिंग नसते. तो तेलावर तरंगतो. केसापेक्षा बारीक फटीत इंजिन ऑइल दाबाने येते आणि दांड्याला अधांतरी धरून ठेवते. हे ऑइल वरच्या बारीक पाइपाने येते. परत जाताना त्याला दाब नसतो. खालच्या जाड पाइपातून ते नुसत्या उताराने चेंबरमध्ये उतरते. वाचकहो, हा खालचा जाड पाइप ध्यानात ठेवा.

काकांचा एकच प्रश्न

रविवारी सकाळी काका गाडीपाशी आले. भावाने दुखणे सांगितले. सकाळी गाडी चालू केली की निळा धूर. आठवड्याला लिटरभर ऑइल कमी. येताना कसारा घाटात माल असला की गाडी दम टाकते. गॅरेजवाल्याने टर्बोपासून निघणारा हवेचा पाइप सोडला, आत बोट फिरवले, बोटाला ऑइल लागले. ‘सील गेले, टर्बो बदला,’ असे त्याने सांगितले.

काकांनी विचारले, ‘‘टर्बो गेला, की त्याला कोणी घालवला? हे पाहिलं का कोणी?’’

मग त्यांनी समजावले. टर्बोचे सील आपल्याला वाटते तसे रबराचे नसते. त्या उष्णतेत रबर टिकणारच नाही. पिस्टनला असते तशी बारीक लोखंडी रिंग असते. ती ऑइल अडवते खरी, पण एकटी नाही. दोन्ही चक्रांमागचा हवेचा दाब ऑइलला आतच धरून ठेवतो. खाली उतरायची वाट तुंबली, तर ऑइल आत साठते आणि रिंगेवरून बाहेर पडते. एअर फिल्टर फार तुंबला, तरी हवेचे चक्र ऑइल ओढून घेते. इंजिनाचा ब्रीदर बंद झाला, तर चेंबरमधला दाब वाढतो आणि ऑइल खाली जाऊ देत नाही. म्हणजे टर्बोतून ऑइल येते, याचा अर्थ टर्बो मेला असाच होत नाही. मोरी तुंबली की न्हाणीघरात पाणी साचते. म्हणून कोणी न्हाणीघर पाडून नवे बांधत नाही!

‘‘कारण न शोधता नवा टर्बो बसवला, तर?’’ मी विचारले.

‘‘तोही तेच करील. मग गॅरेजवाला म्हणेल, माल डुप्लिकेट निघाला.’’

भावाने माझ्याकडे पाहिले. मी वही काढली.

खोलताना: डावे पान, उजवे पान

गाडी आदल्या रात्रीपासून थंड होती. सपाट जागा बघून चाकांना दगडाच्या उट्या लावल्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. सायलेन्सरच्या बाजूचे नट तापून तापून आवळून बसलेले असतात, म्हणून काकांनी शनिवारी रात्रीच त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारायला सांगितले होते. सकाळी पुन्हा मारला. तरीही एक नट हलेना. भाऊ हातोडा घ्यायला निघाला, तेव्हा काका ओरडले, ‘‘टर्बोच्या आसपास हातोडा दिसता कामा नये!’’ पुन्हा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो. पान्याने थोडा मागे, थोडा पुढे असे करत नट सुटला. घाई केली असती, तर स्टड मोडून मॅनिफोल्डमध्ये अडकला असता आणि खर्च वाढला असता.

माझे काम लिहिण्याचे. वहीच्या डाव्या पानावर ‘काढले’, उजव्या पानावर ‘बसवले’. जी वस्तू निघेल तिला क्रमांक. नट-बोल्ट त्याच क्रमांकाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत. हवेचे दोन पाइप, त्यांच्या क्लिपा, ऑइलचा वरचा पाइप, त्याचे तांब्याचे वॉशर, खालचा पाइप, सायलेन्सरची जोडणी, शेवटी मॅनिफोल्डचे चार नट. टर्बो बाहेर काढल्यावर जेवढी तोंडे उघडी पडली, तेवढी स्वच्छ सुती कापडाचे बोळे घालून बंद केली. एवढासा खडा आत गेला, तरी घात होतो. बोळे पाच. मी डाव्या पानावर लिहिले, ‘बोळे ५’. भाऊ हसला. ‘‘दादा, चिंध्यांचा पण हिशेब?’’

सापडले ते हे

टर्बो जुन्या गोणपाटावर ठेवला. तो धुण्याआधी काकांनी दांडा तपासायला सांगितला, कारण जो मेलाच आहे त्याला अंघोळ घालून उपयोग नाही.

दांडा बोटांत धरून वर-खाली हलवला. किंचित हलला. ऑइल नसताना एवढे हलणे चालते. मग आत-बाहेर ओढून पाहिला. तसा तो जवळजवळ हलताच कामा नये, आणि तो हलला नाही. बोटाने फिरवला, तर मोकळा फिरला. चक्र घराच्या भिंतीला कुठे घासत नव्हते. पाती शाबूत होती, टवका उडालेला नव्हता. पाते मोडलेले असते किंवा चक्र घासल्याची चकाकती रेघ दिसली असती, तर काम तिथेच थांबवून टर्बो दुरुस्तीवाल्याकडे द्यावा लागला असता.

मग खालचा पाइप. भावाने तो सोडला आणि काकांनी आत करंगळी घातली. ती पूर्ण जाईना. तोंडाशी निळ्या रबरासारखा गोळा बसला होता. तो जोडांवर लावायच्या सिलिकॉन पेस्टचा होता. भावाला आठवले. चार महिन्यांपूर्वी हायवेवर रात्री तिथून ऑइल ठिबकत होते. एका गॅरेजात त्याने जोड सोडून पेस्ट लावून घेतली होती. पेस्ट जास्त झाली. बोल्ट आवळताना ती बाहेर आली, तशीच आतही फुगली आणि ऑइलची वाट अर्ध्याहून अधिक बंद झाली. तेव्हापासून ऑइल टर्बोत तुंबत होते आणि मिळेल त्या फटीतून इंजिनात जाऊन जळत होते. निळा धूर तो हा!

मी त्या रात्रीच्या कारागिराला दोष देत नाही. त्यानेही आपल्या भावाला घरी लवकर पाठवायचे पाहिले असेल. पण काकांचा नियम वहीत ठळक लिहून ठेवला आहे: टर्बोच्या ऑइलच्या जोडांना, वर किंवा खाली, पेस्ट लावायची नाही. तिथे गॅस्केट किंवा वॉशरच, आणि तेही नवे.

एअर फिल्टरही झटकला तर धुळीचा ढग उठला. घाटात दम लागण्यात त्याचाही वाटा होता. म्हणून तोही बदलायच्या यादीत गेला. ब्रीदरचा पाइप फुंकून पाहिला, तो मोकळा होता.

अंघोळ कशाने घालावी?

भावजयीने विचारले, ‘‘दादा, मोरी साफ करायची पावडर आहे घरात. ती चालेल का?’’ तिचा प्रश्न अगदी रास्त होता. काळी काजळी मोरीच्या पावडरीने निघेल, असे कोणालाही वाटेल. पण त्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनिअमला खातो, आणि खाताना पेट घेणारा वायू सुटतो. टर्बोचे हवेचे चक्र आणि त्याचे घर ॲल्युमिनिअमचे. म्हणून ही पावडर टर्बोला अजिबात लावायची नाही. पेट्रोलही नको, ठिणगी पडली तर अनर्थ होईल. आम्ही घराबाहेर, चुलीपासून आणि विडी-काडीपासून दूर, स्वच्छ डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश वापरला.

काकांच्या देखरेखीखाली कृती अशी झाली:

१. दोन्ही बाजूंची घरे मधल्या भागापासून वेगळी करण्याआधी तिन्हींवर जुळणाऱ्या खुणा केल्या. घर थोडे जरी फिरून बसले, तरी पाइप जुळत नाहीत.

२. चक्रे उघडी पडल्यावर मधला भाग कधीही चक्रांवर टेकवून ठेवला नाही. तो दोन लाकडी पट्ट्यांवर आडवा ठेवला.

३. चक्राच्या टोकाच्या नटाला हात लावला नाही. चक्रे आणि दांडा कारखान्यात वजन तोलून बसवलेले असतात. लाख फेऱ्यांच्या वेगात गुंजभर वजनाचा फरकही बेअरिंग खाऊन टाकतो. नट खोलायचा नाही, दांडा काढायचा नाही. घरातल्या कामाची हद्द इथे संपते.

४. ऑइलची दोन्ही भोके बंद करून मगच काजळी काढली, नाहीतर बाहेरची घाण धुता धुता आत जाते. चक्रांना फक्त मऊ ब्रश. तारेचा ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर काही नाही. सायलेन्सरकडचे बिडाचे घर वेगळे काढलेले होते. तेवढ्यालाच तारेचा ब्रश मारला.

५. पुसायला धागे सुटणारी वेस्ट वापरली नाही. नंतर सावलीत वाळवले. हवेच्या पंपाने सुकवताना चक्र बोटाने धरून ठेवले. कोरड्या दांड्यावर चक्र गरगरा फिरवण्याची मौज तरुण पोरे करतात. त्यात बेअरिंग जाते.

६. इंटरकूलरचा खालचा पाइप सोडला. आतून कपभर ऑइल निघाले. ते तसेच राहिले असते आणि गाडी चालू केली असती, तर इंजिनाने ते डिझेलसारखे पिऊन टाकले असते. मग इंजिन चावी बंद केली तरी थांबत नाही, आपोआप वेग घेत सुटते आणि फुटूही शकते.

मुलांना जवळ येऊ दिले नाही. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. ती काजळी नखांत आणि कपड्यांत बसते. हातमोजे व मास्क घालावे, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. धुतलेले घाण डिझेल गटारात न ओतता आम्ही डब्यात भरून ठेवले.

पाचवा बोळा

बसवायला घेतले तेव्हा चार वाजून गेले होते. सोमवारी पहाटे भावाला माल भरायचा होता. सगळी गॅस्केटे नवी घातली. खालचा पाइप नवा आणला. वरच्या बारीक पाइपातून हवा फुंकून तो मोकळा असल्याची खात्री केली. तिथे कार्बन बसलेला असेल, तर पाइप बदलावाच लागतो. मॅनिफोल्डचे नट आळीपाळीने, समोरासमोर आवळले. टॉर्क पाना काकांनी ओळखीच्या गॅरेजातून आणला होता. इंजिनातले जुने ऑइल काढून नवे ऑइल आणि नवा ऑइल फिल्टर घातला. वरचा पाइप जोडण्याआधी टर्बोच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून दांडा बोटाने फिरवला. कोरडा टर्बो पहिल्या काही सेकंदांतच खराब होऊ शकतो, म्हणून हे काम चुकवायचे नाही.

सात वाजता अंधार पडला. भाऊ केबिनमध्ये जाऊन बसला. मी टॉर्चच्या उजेडात वही मिळवत होतो. डावे पान, उजवे पान. नट मिळाले. वॉशर मिळाले. क्लिपा मिळाल्या. बोळे पाच गेले होते, निघाले होते चार.

‘‘एक बोळा कमी आहे,’’ मी म्हणालो.

‘‘असेल पडला कुठे खाली. दादा, उशीर होतोय.’’

खाली बघितले, गोणपाट झटकला, डबे उलटे केले. कुठेच नाही. भाऊ वैतागला होता. दिवसभराचा थकवा, उपाशी पोट, डोक्यावर हप्ता. त्याचा राग मला कळत होता. क्षणभर मलाही वाटले, आपण उगाच कारकुनी करतो आहोत. पण कचेरीत एक रुपयाचा फरक आला, तरी आम्ही खाते बंद करत नाही. ‘‘बोळा सापडल्याशिवाय चावी लावायची नाही,’’ मी म्हणालो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी भावाच्या हातात पाना दिला.

एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा रबरी पाइप सोडला. बोळा त्यात होता. पाइप पिळून बसवताना तो वळणापर्यंत आत सरकला होता. तिथून हवेच्या चक्राचे अंतर वीतभर. सेल्फ मारला असता, तर चक्राने तो बोळा ओढून घेतला असता. दिवसभर धुऊन-पुसून, जपून बसवलेला टर्बो पहिल्याच मिनिटाला गेला असता. भाऊ तो बोळा हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मी उजव्या पानावर ‘५’ लिहून खाली रेघ मारली.

मग स्टॉपची दोरी ओढून धरली, म्हणजे इंजिन चालू न होता नुसते फिरते. दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, मध्ये विश्रांती दिली. ऑइलचा दिवा विझेपर्यंत असे केले. ज्या गाडीला अशी दोरी नाही, तिथे डिझेल कसे तोडायचे हे माहितगाराला विचारूनच करावे. मग इंजिन चालू केले, रेस न देता. काका हवेच्या तोंडाजवळ जाड फळी घेऊन उभे होते. इंजिन बेकाबू झालेच, तर फळीने हवा बंद करायची. हात किंवा कापड तिथे कधीही न्यायचे नाही.

आणि निळा धूर आला! पूर्वीपेक्षा जास्त. भावाचा चेहरा पडला. माझेही पाय गळाले. काका म्हणाले, ‘‘थांबा. सायलेन्सरमध्ये चार महिन्यांचं ऑइल बसलंय, ते जळतंय. ते काय एका मिनिटात जाईल?’’ तीन-चार मिनिटांनी जोडांना टॉर्च लावून पाहिले. ठिबक नव्हती. मग रिकामी गाडी हळूहळू चालवली. पंधरा-वीस किलोमीटरवर धूर विरळ होत होत थांबला. गाडी गार झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासून घेतले.

जमाखर्च

गॅस्केट व वॉशर ६४० रुपये, खालचा पाइप ४५०, इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर ३,८६०, एअर फिल्टर ७८०, स्प्रे-हातमोजे-मास्क ३७०. एकूण ६,१०० रुपये. एस्टिमेट ३१,५०० चे होते. फरक २५,४०० रुपयांचा.

पण हिशेब खरा लिहायचा, तर यात काकांची आणि आम्हा दोघांची दिवसाची मजुरी धरलेली नाही. काकांनी पैसे घेतले नाहीत, जेवून गेले. त्यांच्या साऱ्या नोकरीच्या अनुभवाची किंमत या वहीत मांडता येत नाही, एवढे मात्र मी लिहून ठेवले आहे.

हे काम प्रत्येकाने घरी करावे, असे मी सांगत नाही. जवळ जाणता माणूस नसेल तर करू नये. चक्र घासलेले किंवा पाते मोडलेले असेल, तर करू नये. गाडीची वॉरंटी चालू असेल, तर हात लावू नये. देशभर १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या अनेक गाड्यांच्या टर्बोत हलणारी पाती आणि त्यांना चालवणारी इलेक्ट्रॉनिक मोटार असते. काजळीने ती पाती अडकतात. पण ती खोलल्यावर यंत्राने जुळवून घ्यावी लागतात, ते घरचे काम नव्हे.

मात्र टर्बो टिकवण्याचे काम प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात आहे. चालू केल्या केल्या रेस देऊ नका, ऑइल वर चढायला अर्धा मिनिट द्या. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. दोन-तीन मिनिटे गाडी नुसती चालू ठेवा, नाहीतर तापलेल्या दांड्याभोवतीचे ऑइल जागच्या जागी जळून त्याचा कार्बन होतो. पण गप्पा मारत तासभरही चालू ठेवू नका. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे, वेळेवर बदला. एअर फिल्टर काढून टाकून गाडी चालवू नका.

आणि गॅरेजवाल्याने ‘टर्बो गेला’ म्हटले, तर घाबरून हो म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. दांडा हलवून पाहिला का? खालचा पाइप खोलून पाहिला का? एअर फिल्टर आणि ब्रीदर पाहिला का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट तो गाडीपाशी नेऊन दाखवतो. उत्तर मिळाले आणि तरीही टर्बो बदलावा लागला, तर तो खर्च खुशाल करा. तो वाया गेला, असे होणार नाही.

भावाने दहा तारखेला हप्ता भरला. सोसायटीकडे जावे लागले नाही. त्याच्या केबिनमध्ये आता एक दोनशे पानी वही दोरीने टांगलेली आहे. ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी घातला, कोणता जोड कोणी उघडला, सगळे तो त्यात लिहितो. अक्षर वाचवत नाही. पण तारीख आणि किलोमीटर न चुकता असतात.